भाऊसिंगची खुराकी

आमच्या गल्लीत रामीबाईला सगळे टरकून असत. डिंकाची नाहीतर चारोळीची पाटी डोक्यावर घेऊन ती रिठदकडच्या तांड्यावरून वाशीमला यायची, माल विकायची आणि परत जाताना आमच्या कलईच्या दुकानाच्या ओट्यावर टेकायची. माझे वडील, निजामुद्दीन कलईवाले, तिला न मागता पाणी द्यायचे. पाणी पिऊन झालं की तिला भांडायला कुणीतरी लागायचंच. वजनात मारणारा वाणी असो, बाजारातून हुसकणारा शिपाई असो, ती कुणाची भीडभाड ठेवत नसे.

जर्मन लढाईच्या दिवसांत एकदा ओट्यावर पेन्शनीत निघालेले एक गृहस्थ बसले होते. महागाईवरून बोलता बोलता ते म्हणाले, “आत्ताचं सोडा, पण एकोणीसशे सालच्या मोठ्या दुष्काळात सरकारनं माणसं जगवली हो. काम दिलं, कामावर जखमी झालेल्याला घरबसल्या खुराकी दिली. कोण देतं असं?”

रामीबाईनं हातातला तांब्या खाली आदळला.

“कोनाले देल्ली खुराकी? सांग न बे, कोनाले देल्ली?”

त्या गृहस्थांना आयुष्यात कुणी ‘बे’ म्हटलं नसावं. ते छत्री घेऊन निघून गेले. अब्बा मान खाली घालून पातेलं घासत राहिले. त्या दिवशी सगळी हकीकत ऐकल्याशिवाय मी रामीबाईला आणि अब्बांना सोडलं नाही. दुष्काळाच्या त्या साली माझा जन्मही झाला नव्हता, त्यामुळे पुढं सांगतो ते थोडं रामीबाईकडून आणि थोडं अब्बांकडून ऐकलेलं आहे. राग मात्र माझा स्वतःचा आहे आणि तो लपवायची माझी इच्छा नाही.

रामीबाई बंजाऱ्यांची. तिच्या सासऱ्याच्या काळापर्यंत तांड्याचे बैल मीठ आणि धान्य पाठीवर घेऊन मुलूखभर फिरत. मग सडका झाल्या, गाड्या आल्या, आगगाडी आली आणि बैलाच्या पाठीवरचा धंदा बसला. उरलेसुरले बैल दुष्काळानं नेले. तिचा नवरा भाऊसिंग बैलांच्या नादातला माणूस. शेवटचा बैल पडला तेव्हा त्यानं त्याच्या गळ्यातली घंटा काढून घेतली नाही, बैलाबरोबरच पुरली. रामीबाईच्या सासूनं, कमलीबाईनं, त्यावरून त्याला शिव्या घातल्या, कारण घंटेच्या पितळेची ज्वारी आली असती.

वाशीमच्या वाटेवर सरकारनं खडी फोडायचं काम काढलं. सगळा तांडा तिथं गेला. भाऊसिंग घण मारायचा, रामीबाई पाट्या वाहायची. ती तेव्हा विशीतली. एके दिवशी वरून धोंडा सुटला आणि भाऊसिंगच्या पायावर आला. घोट्याच्या खाली काही धड राहिलं नाही. त्याला बाजेवर घालून तांड्यावर नेलं.

कामावर जखमी झालेल्यासाठी कायदा होता. कायदा नेहमीच असतो, तो कुणाच्या हातात आहे हा प्रश्न असतो. जखमी माणसाला घरी खुराकी मिळे, म्हणजे पोटापुरते पैसे. त्यासाठी दर आठवड्याला, पगाराच्या दिवशी, घरच्या कुणीतरी कामावरच्या मांडवात येऊन सांगायचं की माणूस जिवंत आहे आणि अजून त्याला काम होत नाही. आणि एक अट अशी की ज्या घरात बायकांच्या अंगावर चांदी-सोनं दिसेल, त्या घराला खुराकी नाही. दागिने असतील तर आधी ते मोडून खा, मग सरकारकडे या.

अट वाईट होती असं मी म्हणत नाही. ज्यानं ती केली त्यानं बंजाऱ्याची बाई पाहिली नव्हती, एवढंच म्हणतो.

बंजाऱ्याच्या लग्न झालेल्या बाईच्या केसांत, दोन्ही कानांजवळ, घुंगरांचे झुपके गुंफलेले असतात. त्यांना घुगरी म्हणतात. घुगरी म्हणजे नवरा आहे. नवरा गेला की तांड्यातल्या बायका ती काढतात. आपल्या हातानं, नवरा जिवंत असताना कुणी काढत नाही. दंडावरचा हाडाचा चुडाही असतो, पण रामीबाईचा चुडा खडीच्या कामात तडकून कधीच गेला होता. राहिली होती ती घुगरी. आणि ती चांदीची नव्हती. चांदीची तिनं उन्हाळ्याआधीच मोडली होती आणि त्याच दिवशी अब्बांच्या दुकानात येऊन म्हणाली होती, “निजामभाई, कथलाची करून दे. डोक्शात काईतरी पायजे.” अब्बांनी कलईच्या कथलाची घुगरी ओतून दिली. पैसे घेतले नाहीत, कारण तेवढ्या कथलाची किंमत काही नव्हती. पण कथील नवं असतं तेव्हा चकाकतं फार.

पहिले काही आठवडे मांडवात जगदेव कारकून एकटाच असे. जवळच्याच खेड्यातला, कुणब्याचा मुलगा. तो विचारायचा, “कसा हाय भाऊसिंग?” ती म्हणायची, “हाय तसाच हाय.” तो लिहायचा आणि पैसे द्यायचा. मग तपासणीला एक साहेब आला. कुठला होता ते रामीबाईला ठाऊक नाही, आपल्याकडचा नव्हता. तो मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसला आणि खुराकीवाल्या बायकांना एकेक करून पाहू लागला, जनावरांच्या बाजारात पाहतात तसा. रामीबाई समोर आली. साहेबानं छडीच्या टोकानं तिची ओढणी बाजूला केली.

“ही चांदी घालून सरकारकडे भीक मागतेस?”

“चांदी नाई साहेब. कथील हाय.”

“काढ आणि दाखव.”

“काढता येत नाई.”

साहेब हसला, मांडवातले मुकादम हसले. भाऊसिंगची खुराकी तिथंच कापली गेली. रामीबाई तशीच वाशीमला आमच्या दुकानी आली आणि अब्बांना हाताला धरून घेऊन गेली. अब्बांनी साहेबाला सलाम करून सांगितलं की हुजूर, मीच ओतली आहे, कथील आहे. साहेब म्हणाला, “तूच करणार, तूच सांगणार. वा!” अब्बांना शिपायानं बाहेर काढलं. मग साहेब रामीबाईला म्हणाला, आणि त्याच्या मते हे फार उदार बोलणं होतं, “पुढच्या खेपेला डोकं साफ करून ये. नाव परत लावतो.”

आठवडाभर घरात रामीबाईच्या मजुरीवर तीन माणसं होती. भाऊसिंगचा पाय सडत होता आणि त्याच्या वाट्याची भाकर अर्धी झाली होती. रामीबाईनं आठवडाभर विचार केला. नवरा जगायचा तर घुगरी काढायची, आणि घुगरी काढायची तर नवरा मेला असं आपणच म्हणायचं. सांगा मला, असा पेच कुठल्या शहाण्याला सुटला असता? आणि ती तर विशीतली उपाशी पोरगी होती.

पगाराच्या दिवशी ती तांड्याच्या लोकांच्या मागं राहिली. नाल्याच्या कपारीत बसून तिनं केसांतली घुगरी सोडली आणि ओच्यात बांधली. ती मला म्हणाली होती, “म्या देवीले म्हनलं, पाहू नको. थोडा वेळ तिकडं तोंड कर.” मग ओढणी पुढं ओढून ती मांडवात गेली.

साहेबानं छडीनं ओढणी सारली आणि खूश झाला. “पाहा, निघाली की नाही!” त्यानं एका मुकादमाला नाव परत लावायला सांगितलं आणि तो दुसऱ्या बाईकडे वळला.

रामीबाई पैशाच्या मेजापाशी गेली. ते मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं, साहेबाचं बोलणं तिथं ऐकू येत नसे. तिथं जगदेव. त्यानं मान वर केली, तिच्या उघड्या केसांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याचं सगळं बालपण तांड्यांच्या शेजारी गेलेलं. घुगरी नसलेली बाई म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नव्हतं. नुकतीच विधवा झालेल्या बाईला काय विचारायचं? त्यानं काही न विचारता भाऊसिंगच्या नावापुढं ‘मयत’ लिहिलं, रामीबाईच्या मजुरीचे पैसे तिच्या हातावर ठेवले आणि हळूच म्हणाला, “लय वाईट झालं, बाई.”

हा जगदेव भला माणूस होता, हे मी मुद्दाम सांगतो. अब्बाही तसंच म्हणायचे. एका माणसाला रीत ठाऊक नव्हती म्हणून भाऊसिंगची भाकर गेली, दुसऱ्याला ठाऊक होती म्हणून गेली. आणि ज्याला ठाऊक होती त्याला शिवी द्यायलाही जीभ वळत नाही, याचाच मला जास्त संताप येतो. अरे, एक शब्द विचारायचा होतास! पाटी वाहून आलेल्या बाईला एक शब्द!

रामीबाईनं हातातले पैसे पाहिले.

“अन् त्याची खुराकी?”

“बाई, मेलेल्या मानसाची खुराकी देता येत नाई.”

“कोन मेलं?”

“भाऊसिंग.”

“कोन म्हनते मेला म्हनून? जित्ता हाय थो! सकाळी पानी पाजून आली मी त्याले!”

जगदेव गोंधळला. “मंग तुह्या डोक्शात घुगरी काऊन नाई?”

रांगेत मागं तांड्याची माणसं होती. तांड्याचा नायक हरिसिंग होता. बायका होत्या. सगळ्यांनी मान वळवून तिच्या केसांकडे पाहिलं. आता तिला एकच गोष्ट सुचली, आणि ती तांड्याच्या कुठल्याही बाईला सुचली असती. नवरा जिवंत आहे याचा सगळ्यांत मोठा पुरावा तिच्या ओच्यात होता. तिनं गाठ सोडली आणि घुगरी काढून जगदेवच्या मेजावर ठेवली.

“हे पाय! हे पाय घुगरी! जित्ता हाय म्हनून तं माह्यापाशी हाय!”

कथील उन्हात लखलखलं. साहेब खुर्चीतून उठून आला.

पुढचं काय सांगू? दागिने लपवून सरकारची फसवणूक केली, असं ठरलं. खुराकी कायमची बंद. शिवाय आधीच्या आठवड्यांची जी खुराकी दिली होती तीही चोरीची समजून तिच्या मजुरीतून कापून घ्यायची. जगदेवनं तोंड उघडायचा प्रयत्न केला, तर साहेबानं त्यालाच दम भरला. आणि ‘मयत’ हा शब्द तसाच राहिला. म्हणजे सरकारच्या लेखी भाऊसिंग मेलेला होता आणि त्याची बायको दागिनेवाली होती. दोन्ही एकाच वेळी. मांडवात कुणालाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. रामीबाईनं मेजावरची घुगरी उचलली आणि वाटेत पुन्हा केसांत गुंफली.

तांड्यावर बातमी रामीबाईच्या आधी पोचली. हरिसिंग नायक झोपडीसमोर येऊन गरजला, “नवरा जित्ता असतानी घुगरी सोडली हिनं! आपल्या हातानं! तांड्यात असं कदी झालं नाई.” बायकांनी तिला पाणी भरू दिलं नाही. कमलीबाई दाराशी बसून छाती पिटत होती, “माह्या पोराले खाल्लं हिनं, जित्तेपनी खाल्लं.”

भाऊसिंग बाजेवरून सगळं ऐकत होता. रामीबाई आत गेली तेव्हा त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

“मी मेलो का वं तुह्यासाठी?”

“तुमच्या भाकरीसाठी काढली.”

“भाकरीसाठी,” तो म्हणाला, आणि रात्रभर तिच्याशी बोलला नाही. हे सांगताना रामीबाईचा आवाज चढला होता. “मले वाटलं दगड घालावं याच्या डोक्शात. ज्याच्यासाठी केलं थोच भिताडाकडं तोंड करून राह्यला!” इतक्या वर्षांनीही तिनं त्याला ते माफ केलं नव्हतं, आणि माझ्या मते माफ करायचं काही कारणही नव्हतं.

पण सकाळी भाऊसिंगच म्हणाला, “मले घेऊन चाल. मी दाखवतो मेलो का जित्ता हाव.” त्याचा भाऊ फुलचंद आणि आणखी काही जणांनी बाज उचलली. हरिसिंग आधी फुरंगटून बसला होता, पण बाज तांड्याबाहेर पडताना तोही खांदा द्यायला आला. जिवंत माणसाला चार जणांनी खांद्यावर घेऊन जाताना वाटेतली माणसं बाजूला होत होती, हात जोडत होती. भाऊसिंग बाजेवरून त्यांना शिव्या देत होता.

मांडवात साहेब नव्हता. दुसऱ्या कामावर तपासणीला गेला होता. जगदेव मेज सोडून धावत बाहेर आला. त्यानं भाऊसिंगला पाहिलं, त्याच्या पायाची चिंधी पाहिली, पायाचा सडका वास त्याला आला आणि तो बाजेपाशी बसला.

“लिव आता,” रामीबाई म्हणाली. “जित्ता हाय का नाई थे पाय अन् लिव.”

“माह्या हाती नाई राह्यलं बाई. साहेबानं कलम मारलं त्याच्यावर. मी वर लिहून धाडतो. आजच धाडतो.”

“तुले डोये हायेत का नाई? समोर हाय न मानूस!”

“मले दिसून राह्यलं, बाई. वरून हुकूम आल्याबिगर मले पैसे देता येत नाई.”

भाऊसिंग बाजेवर कोपर टेकून उठला आणि ओरडला, “मी भाऊसिंग! हजर! हजर हाव मी!” मांडवाबाहेर खडी फोडणारी माणसं घण थांबवून पाहू लागली. मुकादमानं सगळ्यांना कामाला लावलं. जगदेवनं स्वतःच्या डब्यातली भाकर आणून भाऊसिंगच्या उशाशी ठेवली. रामीबाईनं ती उचलून जगदेवच्या पायांपाशी फेकली आणि मग, वाटेत, परत मागं धावत जाऊन उचलून आणली. हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. मी रडलो.

बाज परत तांड्यावर आली. जगदेवनं खरंच लिहून पाठवलं होतं. कागद गेला तो गेला. कुठल्या मेजावरून कुठल्या मेजावर फिरला ते त्या कागदालाच ठाऊक. इकडे मजुरीतून कापाकापी सुरूच होती. घरात जे शिजे त्यातला आपला वाटा भाऊसिंग आईच्या ताटात सरकवू लागला. “मले भूक नाई,” म्हणे. ताप चढला, पाय काळा पडत गेला, आणि एका दुपारी रामीबाई कामावर असताना तो गेला. जवळ कमलीबाई होती.

तांड्याच्या बायका जमल्या. त्यांनी रामीबाईच्या केसांतली घुगरी सोडली. रीत रीतीप्रमाणे झाली. फुलचंदनं अग्नी दिला.

आणि मग हुकूम आला. दिवस धड झालेही नव्हते. कामावरचा चौकीदार तांड्याबाहेर उभा राहून हाका मारत होता की भाऊसिंगचं नाव परत लागलं, घुगरी कथलाचीच हे साहेबानं मान्य केलं, मागची अडकलेली खुराकीसुद्धा मिळणार, उद्या पगाराच्या दिवशी घरच्या माणसानं येऊन तो जिवंत आहे एवढं सांगायचं. त्याला कुणी काही सांगितलं नाही. निरोप देऊन तो पुढच्या तांड्याकडे गेला.

रामीबाई म्हणाली, “मी नाई जात. आग लागो त्यायच्या खुराकीले.”

सकाळी कमलीबाई तिच्यासमोर येऊन बसली. हातात कथलाची घुगरी होती. रामीबाई मागं सरकली. “नाई सासूबाई. हे पाप हाय.”

“पाप त्यायचं,” कमलीबाई म्हणाली. “माह्या पोराले उपाशी मारलं. त्याची भाकर त्यायच्यापाशी पडून हाय. थे मी त्यायले खाऊ देनार नाई. मान इकडं कर.”

जिचा मुलगा गेला होता तिनं स्वतःच्या हातानं विधवा सुनेच्या केसांत घुगरी गुंफली. दारात हरिसिंग नायक उभा होता. तांड्याची रीत राखणं हे त्याचं काम. त्यानं सगळं पाहिलं, डोक्याचं पागोटं सारखं केलं आणि म्हणाला, “चाल रामी. मी येतो संगं.”

मांडवात साहेबही होता. त्यानं या वेळी छडी वापरली नाही, हातानंच जा म्हणून खूण केली. रामीबाई मेजासमोर उभी राहिली. मागं हरिसिंग, त्याच्यामागं फुलचंद, त्याच्यामागं सगळा तांडा. जगदेवनं मान वर करून पाहिलं, केसांत घुगरी दिसली आणि त्याच्या जिवात जीव आला. त्यानं ‘मयत’वर रेघ मारली. आनंदाच्या भरात त्यानं ती रेघ पुन्हा एकदा ओढली.

तरी कायद्याप्रमाणे त्यानं मोठ्यानं पुकारलं, “भाऊसिंग. जिवंत?”

“जिवंत,” रामीबाई म्हणाली.

“कोनी वयखते का? साक्षीले कोन हाय?”

“मी वयखतो,” मागून हरिसिंग नायक म्हणाला. “जित्ता हाय.” फुलचंदनंही मान हलवली. ज्या हातानं त्यानं भावाला अग्नी दिला होता तो हात त्यानं पाठीमागं धरला होता.

जगदेवनं पैसे मोजून मेजावर ठेवले. या वेळी त्याला घाई नव्हती. मागं जे विचारायचं राहिलं होतं ते आता तरी विचारावं असं वाटलं असेल.

“पाय कसा हाय आता त्याचा? दुखते का लय?”

“आता नाई दुखत,” रामीबाई म्हणाली, आणि पैसे उचलायला तिनं हात पुढं केला.